तीन शहरांची यादी

विल्मर केटररने कात्री उघडली आणि वर्तमानपत्रातल्या मुलाखतीच्या कडेकडेने सावकाश कापत नेली. कापता कापता त्याला ते पत्र आठवलं. तसं ते तो विसरला कधीच नव्हता. एकवीस वर्षं झाली तरी त्यातल्या शेवटच्या ओळी त्याला पाठ होत्या. ‘प्रोफेसर, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून तुम्हालाच विचारतो. मी ऑगीचं नाव घेतलं नसतं, तर तो पिट्सबर्गातच राहिला असता का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.’

त्याने ‘हो’ही लिहिलं नव्हतं आणि ‘नाही’ही लिहिलं नव्हतं.

“विली, काय कापतोयस?” हेडीने गॅसपाशी उभ्या उभ्या विचारलं. ती त्याची बहीण, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. दोघंही सत्तरी ओलांडलेली. तिचा नवरा गेल्यापासून ती त्याच्याकडे राहत होती, आणि घर आपलंच असल्यासारखी वागत होती.

“काही नाही. एक मुलाखत.”

“मागच्या बाजूला काय आहे ते बघितलंस का?”

त्याने कागद उलटा केला. कॉफीच्या डब्यावरच्या सवलतीचं कुपन नेमकं मधोमध कापलं गेलं होतं.

“शाबास! चाळीस वर्षं ऑफिसात कागद सांभाळले म्हणे. आता अर्धी सवलत घेऊन ये दुकानातून.” तिने पळीने पातेल्यातली कोबी आणि नूडल्स खालीवर केली, मग हात पुसत येऊन त्याच्या खांद्यावरून डोकावली. “कोणाची आहे? अपशॉ? हा पळपुटा?”

शहरात रॉन्डेल अपशॉचं नाव असंच घेतलं जाई. बावीस वर्षांपूर्वी तो इथल्या बास्केटबॉल संघाचा सर्वांत मोठा खेळाडू होता. चौदा नंबरचा शर्ट घातलेली मुलं तेव्हा गल्लीगल्लीत दिसायची. मग तो संघ सोडून सॅन दिएगोला गेला आणि त्याच गल्ल्यांत लोकांनी ते शर्ट जाळले. आता इतक्या वर्षांनी संघाचे नवे मालक त्याचा शर्ट मैदानाच्या छताला सन्मानाने टांगणार होते. एप्रिलमध्ये समारंभ होता. रॉन्डेलने येणार नाही असं कळवलं होतं.

मुलाखतीत तो म्हणत होता, ‘मी शहर निवडलं, दुकानात शर्ट निवडावा तसं. माझ्या त्या निवडीपायी माझ्या मित्राचं वाटोळं झालं. त्या गावात टाळ्या घ्यायला मी कुठल्या तोंडाने जाऊ?’

“नको येऊस,” हेडी कागदाला उद्देशून म्हणाली. “आम्ही काय ओवाळायला उभ्या आहोत? या मोठ्या खेळाडूंचं असंच असतं. बोट दाखवतील तिथे यांचं विमान उतरणार.”

“तसं नसतं, हेडी.”

“मग कसं असतं?”

विल्मरने कात्री मिटून बाजूला ठेवली. कुपनाचे दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघितले. ती वाट बघत उभीच राहिली, तेव्हा त्याला बोलावं लागलं.

विल्मर संघाच्या ऑफिसात करार बघायचा. लीगच्या नियमांचं सहाशे पानांचं बाड होतं. कोणत्या खेळाडूच्या बदल्यात कोणता घेता येतो, कोणाचा करार कशात बसतो, हे तो बाड न उघडता सांगायचा. याखेरीज तो फारसं कुणाशी बोलायचा नाही. हातात कायम एखादं पुस्तक, म्हणून खेळाडू त्याला प्रोफेसर म्हणायचे. दौऱ्यावर जाताना विमानात सगळे पत्ते खेळत नाहीतर झोपत. रॉन्डेलला विमानात झोप लागायची नाही. तो येऊन विल्मरच्या शेजारी बसायचा, गुडघे पुढच्या खुर्चीत रुतवून.

“आज काय वाचताय, प्रोफेसर?”

पहिल्या वर्षी एवढंच. मग तो पुस्तकं मागून न्यायला लागला. पानांचे कोपरे दुमडून परत करायचा, आणि विल्मर ते कोपरे सरळ करत बसायचा, पण त्याबद्दल बोलला कधी नाही. तिसऱ्या वर्षी रॉन्डेलने त्याला आपल्या वडिलांबद्दल सांगितलं. तो सहा वर्षांचा असताना ते घर सोडून सेंट लुईसला गेले होते. एकदम फोन आला तो पोरगा टीव्हीवर दिसायला लागल्यावर, आणि तोही सामन्याची तिकिटं मागायला. सेंट लुईसला सामना असला की आदल्या रात्री रॉन्डेलच्या घशाखाली घास उतरत नसे. दुसऱ्या एका प्रवासात त्याने कॉलेजातल्या प्रशिक्षकाबद्दल सांगितलं. त्या माणसाने त्याला सगळ्या संघासमोर काय काय बोलून घेतलं होतं, ते. तो प्रशिक्षक आता सिअॅटलच्या संघात होता. विल्मर ऐकून घ्यायचा. आयुष्यात इतकं आपणहून त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

चौथ्या वर्षी संघाने रॉन्डेलला दुसऱ्या संघाला द्यायचं ठरवलं. त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं. नंतर तो फुकट निघून जाण्यापेक्षा आत्ताच त्याच्या बदल्यात काहीतरी पदरात पाडून घ्यावं, असा हिशोब. सॅन दिएगो दोन तरुण चांगले खेळाडू द्यायला तयार होतं. त्यांची अट एकच होती. रॉन्डेलने त्यांच्याशी पुढच्या पाच वर्षांचा करार करायला हवा, आणि तशी सही त्याच्याकडून जबरदस्तीने कुणाला घेता येत नव्हती.

“म्हणजे शेवटी त्याच्याच हातात होतं,” हेडी म्हणाली.

“सही त्याच्या हातात होती.”

संघाचा कारभार तेव्हा हॅल ड्रिस्कॉल नावाच्या माणसाकडे होता. अशा वेळी काय करायचं याची हॅलची ठरलेली पद्धत होती. मोठ्या खेळाडूला तो कधी ‘तू अमुक ठिकाणी जा’ असं सांगत नसे. तो तीन शहरं समोर ठेवायचा आणि म्हणायचा, तू आमच्यासाठी एवढं केलंस, आता तुझ्या मनासारखं होऊ दे. तिन्हींपैकी दोन शहरं अशी असायची की तो खेळाडू ती मेला तरी घेणार नाही. त्या दोन शहरांना कुणी फोनसुद्धा केलेला नसायचा. खेळाडू तिसरं निवडायचा, आणि स्वतःच निवडलेलं म्हणून आनंदाने सही करायचा.

“विल्मर, तू असतोस ना त्याच्या शेजारी विमानात,” हॅलने विचारलं होतं. “मग बोल. कोणती दोन?”

विल्मरने मिनिटही घेतलं नाही. “सेंट लुईस,” तो म्हणाला. “आणि सिअॅटल.”

हेडी खुर्ची ओढून बसली. पातेल्यातली कोबी खाली लागायला आली होती, तरी ती उठली नाही.

“आणि तो ऑगी? डोंगरावर दोराने चढते त्या गाडीवर असतो तो? ब्रोझेकांचा?”

“त्याचं आणखी वेगळं.”

ऑगी ब्रोझेक पिट्सबर्गचाच. पहिल्या दिवसापासून रॉन्डेलचा जिवाभावाचा मित्र. खेळाडू म्हणून मध्यम, पण धडपड्या. सॅन दिएगोला त्यांच्याकडचा एक महागडा जुना खेळाडूही या व्यवहारात पिट्सबर्गच्या गळ्यात मारायचा होता. नियमाने दोन्ही बाजूंचे पगार साधारण बरोबरीत यावे लागतात, म्हणून इकडूनही आणखी कुणीतरी जायला हवं होतं. ऑगीचा पगार चपखल बसत होता. सोमवारी सकाळी त्याचं नाव कागदावर आलं. रॉन्डेलला यादी दाखवली ती बुधवारी. गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. सॅन दिएगो चालेल, म्हणाला; पण ऑगीला माझ्याबरोबर पाठवा, नाहीतर मी सही करणार नाही.

हॅलने फोनवर हात ठेवला आणि आवाज न करता हसला. मग हात काढून म्हणाला, “अवघड मागतोयस, पोरा. बघतो.” अर्धा तास त्याने शांतपणे सँडविच खाल्लं. मग उलटा फोन लावला. “जमवलं, बाबा, तुझ्यासाठी. कसं जमवलं ते विचारू नकोस.”

“तू तिथेच होतास?” हेडीने विचारलं.

“हो.”

“हसलास?”

“नाही.”

“काही बोललास?”

“नाही.”

पुढचं तिलाही ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. पाच आठवड्यांत सॅन दिएगोने ऑगीला बफेलोला देऊन टाकलं. बफेलोत त्याचा गुडघा गेला. त्याच हिवाळ्यात त्याचे वडील वारले, आणि वादळामुळे रस्ते बंद म्हणून तो पोचला तेव्हा ते जाऊन चार तास झाले होते. रॉन्डेलने सॅन दिएगोत विजेतेपद मिळवलं, तिथेच घर केलं. नव्या खेळाडूंसमोर तो भाषणं करायचा, कुठे खेळायचं ते स्वतः ठरवा, माझ्यासारखं. आणि त्या दोघांचं बोलणं पार तुटलं होतं. राहिलं होतं ते पत्र; विल्मरने तेही तिला सांगितलं.

“हो किंवा नाही एवढंच विचारलं होतं त्या मुलाने,” हेडी हळूच म्हणाली. ‘पळपुटा’चा ‘मुलगा’ कधी झाला ते तिच्याही लक्षात आलं नाही. “तेवढंही नाही लिहिलंस?”

“हो म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर तो विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक? आधी नोकरी होती. मग हॅल जिवंत होता. मग…” त्याने कुपनाचे तुकडे उचलून खिशात घातले. “मग इतका उशीर झाला होता की उत्तर देणं म्हणजे आगाऊपणा वाटायला लागला.”

“आता दे.”

“आधी ऑगीला विचारायला हवं. त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

“विली, तू आणखी एक आठवडा काढतोयस.”

“हो,” विल्मर म्हणाला.

शुक्रवारी तो डोंगरावरच्या गाडीत बसला. ईस्टरच्या आधीचे, मांस वर्ज्य करायचे उपासाचे दिवस होते. चर्चच्या तळघरात दर शुक्रवारसारखा मासा तळत होते. त्याने दोन सँडविचं कागदी पिशवीत घेतली होती आणि पिशवीला तेल सुटलं होतं. गाडी जाड दोरावर तिरपी चढत वर गेली. खाली नदी आणि पूल लहान होत गेले. वरच्या ठाण्यात काचेच्या केबिनमध्ये ऑगी बसला होता. सहा फूट नऊ इंचाचा माणूस त्या खोक्यात कसा मावला, हा प्रश्न नव्या माणसाला पडत असे. गाववाल्यांना सवय झाली होती.

“अरे, प्रोफेसर! आहात अजून?”

“आहे असं वाटतंय.”

“वर आलात कसे? चढून?”

“तुझ्याच गाडीने.”

“म्हणजे मीच ओढून आणलं तुम्हाला! आधी कळतं तर मध्येच थांबवून जरा वारा दाखवला असता.” त्याने पिशवीकडे बघितलं. “हे माझ्यासाठी? मग या आत. नियमात बसत नाही, पण नियमांचं तुम्हालाच जास्त माहिती.”

विल्मर केबिनमधल्या स्टुलावर अवघडून बसला. ऑगीने मासा खाल्ला, बोटं पुसली, घंटा वाजली तशी दांडी ओढली. एक गाडी खाली निघाली, दुसरी वर.

“इथला एकच नियम आहे,” ऑगी म्हणाला. “एकाला वर आणायचं तर दुसऱ्याला खाली सोडावं लागतं. तुमच्या ऑफिससारखंच. फरक एवढाच की इथे बसतानाच माणसाला माहीत असतं, आपण कुठे चाललोय.”

विल्मरने मान हलवली. टोमणा त्याच्यासाठीच होता आणि बरोबर लागला होता.

“रॉन्डेलची मुलाखत वाचलीस?” त्याने शेवटी विचारलं.

“बायकोने वाचून दाखवली.” ऑगी समोर रुळांकडे बघत होता. “येत नाहीये म्हणे.”

“ऑगी, त्याला वाटतं त्याने तुझं नाव घेतलं म्हणून तू गेलास. तसं नव्हतं. त्याचा फोन यायच्या आधीच, सोमवारी—”

“सोमवारी सकाळी,” ऑगी म्हणाला. “साडेनऊला.”

विल्मरने त्याच्याकडे बघितलं.

“हॅलने मला खाली पार्किंगमध्ये बोलावलं होतं. म्हणाला, शुक्रवारपर्यंत तोंड उघडायचं नाही. बाबांना सांगितलं फक्त. बाबांनी टीव्ही बंद केला आणि वर झोपायला गेले, दिवसाउजेडी.” गाडी वर आली. चार माणसं उतरली, एका बाईने ऑगीला हात केला, त्यानेही केला. “गुरुवारी रॉन्डेलचा फोन. ओरडतच होता, ‘ऑगी, तुला सोबत घेतलं! मी त्यांना सांगितलं, ऑगी नाही तर सही नाही!’ काय बोलणार मी? इतका खूश होता तो. म्हटलं, थँक यू, भावा.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं.”

“त्याच्या आधीपासून.”

“मग नंतर…”

“नंतर बाबा गेले.” ऑगीने पिशवीची घडी घातली, मग आणखी एक घडी. “रॉन्डेल विमानाने आला होता. चर्चमध्ये मागे उभा राहिला, लोक वळून वळून बघत होते त्याच्याकडे, वाईट नजरेने. मग खाली हॉलमध्ये कॉफीच्या टेबलापाशी आला माझ्याजवळ. म्हणाला, ‘ऑगी, हे माझ्यामुळे झालं. मी तुझं नाव घ्यायला नको होतं.’ रडत होता. आणि मी काय म्हणालो माहितीय? म्हणालो, ‘जाऊ दे. माफ केलं.’”

खालच्या ठाण्यातून घंटा झाली. त्याने ती ऐकली नाही, किंवा ऐकूनही हात हलवला नाही.

“मला कुणावर तरी राग काढायचा होता, प्रोफेसर. हॅल आलाच नव्हता. तुम्ही होतात, भिंतीला टेकून, कप हातात धरून. तुमच्यावर कोण रागावणार? तो समोर होता. आपणहून मान पुढे केली होती त्याने. मला वाटलं, वाहू दे यालाच हे ओझं. नंतर सांगू कधीतरी.” त्याने दांडी ओढली. “ज्याने काही केलंच नाही त्याला एकदा माफ केलं ना, की ते परत घेता येत नाही. प्रयत्न करून बघा.”

विल्मरला पत्रातली मधली एक ओळ आठवली, जी त्याला तेव्हा कळली नव्हती. ‘ऑगी म्हणतो माफ केलं, आणि तेव्हापासून मला झोप नाही.’

“त्याचं दर ख्रिसमसला कार्ड येतं,” ऑगी म्हणाला. “बायको फ्रिजवर लावते, जानेवारीत काढते. मी एकही पाठवलं नाही आजवर.”

“मी लिहिणार आहे त्याला.”

“कशासाठी? त्याला बरं वाटावं म्हणून, की तुम्हाला?”

विल्मरने प्रामाणिकपणे विचार केला. “माहीत नाही. दोन्ही असेल. माझं जास्त असेल.”

“चला, हे तरी खरं बोललात.”

“तुझ्याबद्दल काय लिहू?”

“मला आधीच ठाऊक होतं, त्याबद्दल एक अक्षर नाही.” ऑगीचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “लिहून झालं की दाखवा मला. टाकायच्या आधी.”

विल्मरने शनिवारी टेबल साफ केलं, चांगला कागद काढला आणि तारीख घातली. खाली लिहिलं, ‘प्रिय रॉन्डेल, नाही.’ मग सही केली.

तो त्याकडे बराच वेळ बघत बसला. विचारलं होतं तेवढंच होतं. खरं होतं. एका शब्दात रॉन्डेलच्या डोक्यावरचं ओझं उतरत होतं, ऑगीचं नाव कुठे येत नव्हतं, आणि विल्मर केटरर खोटं न बोलणारा माणूस राहत होता. बाकीचं सांगायचं म्हणजे रॉन्डेलकडून ते शहरच काढून घेण्यासारखं होतं. त्याची मुलं तिथे जन्मली. कुठे खेळायचं ते स्वतः ठरवा, असं तो वीस वर्षं पोरांना सांगत आला होता. आता पन्नाशीत त्याला कळावं, की त्याने ठरवलं ते त्याच्यासाठी आधीच ठरवून ठेवलं होतं? ते कळून त्याला काय मिळणार होतं?

हेडी चहा घेऊन आली. तिने वाचलं.

“एवढंच?”

“एवढंच विचारलं होतं त्याने.”

तिने कागद परत त्याच्यासमोर सरकवला. कप ठेवला आणि निघून गेली. हेडी काही बोलली नाही असं वर्षातून एखाद्या वेळी होत असे.

त्याने दुसरा कागद घेतला. तो रविवारीही बसला, सोमवारीही. आधी पाच पानं झाली, त्यात हॅल होता, नियमांचं बाड होतं, मालक होते. ती फाडली. मग दीड पान झालं. शेवटी ‘मला माफ कर’ असं लिहिलं होतं, ते त्याने खोडलं. माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते, आणि ऑगी आणि रॉन्डेलमध्ये ती एकदा देऊन झाली होती. मंगळवारी त्याने सगळं पुन्हा स्वच्छ उतरवून काढलं.

पुढच्या शुक्रवारी तो वर गेला तेव्हा बर्फ वितळून रुळांच्या कडेने पाणी वाहत होतं. ऑगीने हात धुतले, पुसले, आणि कागद उजेडाकडे धरला.

‘प्रिय रॉन्डेल,

नाही. तू नाव घेतलं नसतंस तरी ऑगी गेला असता. त्याचं नाव त्या सोमवारीच ठरलं होतं. ते मीच सुचवलं होतं, कारण त्याचा पगार जुळत होता. तुझा फोन गुरुवारी आला.

तू हे विचारलं नव्हतंस, पण यादीतली दुसरी दोन शहरं खोटी होती. तिथे कुणी फोनही केला नव्हता. ती दोनच का, हे तुझ्या लक्षात येईल. विमानात तू मला जे विश्वासाने सांगितलंस ते मी ऑफिसात नेऊन वापरलं. सही करायची की नाही, एवढं मात्र खरोखर तुझ्याच हातात होतं. ते तुझ्याकडून कुणाला काढून घेता येत नव्हतं, म्हणून तर आम्ही हे सगळं केलं.

उत्तराला उशीर झाला.

विल्मर केटरर’

ऑगीने एकदा वाचलं. पुन्हा वाचायला लागला आणि मध्ये थांबला. त्याचं जाड बोट एका ओळीवर टेकलं होतं.

“‘मीच सुचवलं होतं,’” त्याने वाचलं. “हे मागच्या शुक्रवारी नाही बोललात.”

“तू मध्ये बोललास.”

“मी एक वाक्य मध्ये बोललो. नंतर अर्धा तास बसला होतात तुम्ही इथे.”

“हो,” विल्मर म्हणाला. “बसलो होतो.”

घंटा वाजली. ऑगीने दांडी ओढली आणि गाडी वर येईपर्यंत रुळांकडे बघत राहिला. दार उघडलं. एक म्हातारं जोडपं उतरलं, कॅमेरा गळ्यात घातलेला एक माणूस उतरला. त्याने विचारलं, इथून मैदान दिसतं का? ऑगीने बोटाने दाखवलं, नदीच्या पलीकडे, डावीकडे. तो माणूस आभार मानून गेला.

“मी तुम्हाला माफ-बिफ काही करणार नाही, प्रोफेसर.”

“नको.”

“एकदा केलं, ते पुरे झालं.”

“नकोच,” विल्मर पुन्हा म्हणाला.

ऑगीने पत्राची घडी घातली. इतकी व्यवस्थित घातली की विल्मरला त्याच्या हातांकडे बघवेना. “पाकीट?”

विल्मरने कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. त्यावर तिकीट होतं, बाकी काही नव्हतं. “माझ्याकडे जुनाच पत्ता आहे. म्हटलं, संघाच्या ऑफिसात पाठवावं.”

“ऑफिसात नको. तिथे कुणीतरी फोडेल.” ऑगीने केबिनमधल्या नोंदवहीचं पेन घेतलं आणि पाकिटाच्या मधोमध पत्ता लिहिला, रस्ता, घर, पिनकोडसकट, कुठेही न अडखळता. अक्षरं मोठी आणि वाकडी होती. पत्र आत घातलं, पाकीट चिकटवलं, वरून तळहात फिरवला.

मग ते विल्मरच्या हातात द्यायच्या ऐवजी त्याने गुडघ्यावरच ठेवलं.

“कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता नाही लिहिलात.”

“मला वाटलं, नसला तरी चालेल. त्याने उत्तर द्यावं अशी अपेक्षा नाही माझी.”

“तुमची नसेल.”

घंटा वाजली. ऑगीने एका हाताने दांडी ओढली. दुसऱ्या हातातलं पेन पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यापाशी थांबलं होतं. गाडी अर्ध्यात गेली असेल, तेव्हा त्याने तिथे लहान अक्षरात लिहिलं: ए. ब्रोझेक. खाली आपल्या घराचा पत्ता. शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली आणि पाकीट विल्मरकडे दिलं.

“जा आता. बाहेर पेटी आहे. चारला उघडतात.”

विल्मर उठला. त्याने स्टूल नीट भिंतीला सरकवून ठेवलं आणि बाहेर आला.

निळी टपालपेटी कठड्याजवळ होती. त्याने तिचं जड झाकण ओढलं, पाकीट आत टाकलं आणि झाकण सोडलं. मग, सगळेच करतात तसं, खात्रीसाठी पुन्हा एकदा ओढून आत डोकावलं. पाकीट खाली गेलं होतं.